वाचक विचारतात : खानदेशातला हिवाळा कॅमेऱ्यात

शिरपूर-चोपडा-यावल-रावेर रस्त्यावरून सातपुडा डोळ्यांना सुरेख दिसतो, फोटोत मात्र राखाडी पट्टा उमटतो. सकाळी सातलाच जातो, पोलरायझरही (चकाकी कमी करणारा फिल्टर) लावतो. चुकतं कुठे? – एक वाचक, फैजपूर

वेळ चुकते. हिवाळ्याच्या रात्री जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची त्यामानाने उबदार राहते. त्यामुळे चुलींचा, जाळलेल्या पऱ्हाट्यांचा धूर खालीच कोंडून बसतो. ऊन तापून हवा वर-खाली व्हायला लागली की तो पांगतो. डोंगर हवा असेल तर दुपारी तीन ते साडेपाच ही वेळ धरा.

दुसरं कारण उन्हाच्या दिशेचं. डिसेंबरअखेर आपल्याकडे भरदुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 45 अंश वर चढतो, तोही दक्षिणेला. सातपुडा तुमच्या उत्तरेला, म्हणजे आपल्या बाजूचा उतार दिवसभर उजेडात असतो. पण बाराच्या सुमारास ऊन तुमच्या पाठीमागून थेट डोंगरावर पडतं आणि घळी बुजल्यासारख्या दिसतात. चारनंतर ते नैर्ऋत्येकडून तिरपं येतं, एकेका सोंडेची सावली शेजारच्या घळीत उतरते आणि डोंगराला अंग येतं.

पोलरायझरचा जोर सूर्याच्या काटकोनात सगळ्यात जास्त. तर्जनी सूर्याकडे रोखा, अंगठा काटकोनात ताणा आणि मनगट फिरवा. अंगठा जिकडे जिकडे वळेल तिकडे फिल्टर काम करतो. डिसेंबरात चारच्या सुमारास ती दिशा वायव्य. म्हणजे यावलजवळ उभे असाल तर चोपड्याच्या अंगाला जाणारी रांग घ्या, सरळ उत्तरेची नको. हा फिल्टर दीड ते दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा) उजेड खातो आणि धुराचे कण त्याला दाद देत नाहीत, हेही धरून चाला. 24 मि.मी.सारख्या रुंद लेन्सवर तर आकाशात मधोमध गडद डाग पडतो. 100 ते 200 मि.मी. लावा, पुढे दादर ज्वारीची कणसं किंवा केळीचा बाग ठेवा आणि मागचा डोंगर जवळ ओढून घ्या.

पांझरेकाठी धुकं कधी मिळतं, कधी नाही. मिळालं तरी फोटो मळकट येतात. – एक वाचक, धुळे

आदल्या संध्याकाळी आकाश पाहा. निरभ्र असेल, वारा पडलेला असेल, तरच सकाळी आशा. ढगाळ रात्री जमीन पुरेशी गार होत नाही. नदीइतकंच लक्ष रात्री पाणी भरलेल्या गव्हाकडे द्या. खोलगट शिवारात ओली जमीन आणि साचलेली गार हवा एकत्र आली की गुडघाभर धुकं तरंगतं. डिसेंबरअखेर सूर्य सातच्या आसपास उगवतो; साडेसहाला जागेवर हवं.

मळकटपणा कॅमेऱ्याच्या हिशोबातून येतो. समोर पांढरं दिसलं की तो त्याला मध्यम करडं करून टाकतो. एक्स्पोजर (उजेडाचं माप) +0.7 ते +1 ठेवा. हिस्टोग्रामचा (कॅमेऱ्यातल्या उजेडाच्या आलेखाचा) डोंगर उजवीकडे सरकावा, पण कडेला टेकू नये. सूर्य चौकटीत आला की वाढवलेलं परत कमी करा. फोकस भरकटत असेल तर एकच बिंदू निवडून तो बाभळीच्या खोडाच्या कडेवर धरा.

गाडीत हीटर लावून जाताना कॅमेरा डिकीत ठेवा. फोटो काढून परतल्यावर गार कॅमेरा लगेच उबदार घरात उघडला तर काचेवर वाफ धरते आणि आतल्या भिंगांवरची पुसताही येत नाही. बाहेरच तो प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा. अर्ध्या तासाने पिशवी उघडा.

नंदुरबारच्या पथारींवर वाळणारी मिरची फोटोत नुसता लाल गोळा का होते? – एक वाचिका, दोंडाईचा

लाल रंगाची नोंद भरून वाहते, बाकीचे दोन रंग रिकामे राहतात. साधा हिस्टोग्राम हे लपवतो. तिन्ही रंगांचा वेगवेगळा पाहा. एक्स्पोजर -0.7 करा, व्हिव्हिड (भडक रंग) काढून न्यूट्रल (साधे रंग) लावा आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) 5200 केल्विनवर बांधून टाका, कारण ऑटोवर कॅमेरा लाल मारून निळसर छटा घालतो. सालीवरची चमक पोलरायझरने उतरते. मालकाला विचारूनच आत जा, मिरचीवर चप्पल नको आणि हात धुतल्याशिवाय डोळ्याला बोट लावू नका.

डाबला दव गोठतं म्हणतात. ते टिपायचं कसं? – एक वाचक, शहादा

अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या डाबला कडाक्याच्या थंडीत हे होतं. हवेचं तापमान शून्याच्या वर असतानाही गवताचं पातं उघड्या आकाशाखाली शून्यापर्यंत उतरू शकतं. गार हवा खाली ओघळते, म्हणून टेकडीवर नव्हे, नाल्याकडेच्या सखल गवतात शोधा. झाडाखाली सहसा सापडणार नाही. ऊन पडलं की ते भराभर वितळतं. मुक्काम आदल्या रात्रीच करा.

ट्रायपॉड गुडघ्याखाली, लेन्स मॅक्रो (अगदी जवळचं टिपणारी), छिद्र एफ/8, हाताने फोकस, दोन सेकंदांचा टायमर. पहिलं ऊन गवताच्या मागून आलं की कडा उजळतात. जादा बॅटरी आतल्या खिशात, अंगाच्या उबेत ठेवा.

आडरस्त्याने शेतात शिरताना काय सांभाळावं? – एक वाचक, अमळनेर

दव पडलेल्या काळ्या मातीत मोटारसायकल घसरते आणि ट्रायपॉडचे पाय रुततात. पायांखाली फळीचे तुकडे घाला. कापसाची गाडी गेल्यावर धूळ बसेपर्यंत लेन्स बदलू नका. बांधावरची तार साधी समजू नका. रानडुकरांसाठी झटका मशीन जोडलेलं असतं, काही ठिकाणी थेट वीजही सोडलेली असते. शेतकऱ्याला हाक मारा, तो रस्ता दाखवील तिथूनच आत जा.