दुसरा जेसीबी नंतर, आधी ते ९ लाख

भांडुपच्या एका वाचकाचं पत्र आहे. स्वतःचा एक जेसीबी, २०१५चा, हप्ते संपलेले. आता दुसरा घ्यायचाय. नव्याचं कोटेशन ३४ लाख, आणि २०१९चा जुना १५ लाखांत मिळतोय, ४ लाख स्वतःचे आणि ११ लाख लोन, ३ वर्षं, "फक्त ९ टक्के फ्लॅट". कुठला घेऊ, एवढंच विचारलंय. पण शेवटी जाता जाता लिहिलंय की मशीन ज्या कॉन्ट्रॅक्टरकडे लावलंय त्याच्याकडे ८ महिन्यांचे ९ लाख अडकलेत, "पण माणूस चांगलाय, दुसरं मशीन पण तोच लावून घेणार".

दादा, खरा प्रश्न हा आहे. डिझेल तुमचं, ऑपरेटरचा पगार तुमचा, आणि तो ८ महिने तुमच्या पैशावर बिनव्याजी काम करतोय. आता तुम्ही कर्ज काढून त्यालाच दुसरं मशीन उधारीवर देणार. आणि ते कर्ज ९ टक्क्यांचं नाहीच. फ्लॅटमध्ये तुम्ही मुद्दल फेडत जाता तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण ११ लाखांवरच लागतं, हप्ता ३९ हजारांच्या आसपास, खरा दर १६ टक्क्यांच्या वर. १ ऑक्टोबर २०२४पासून छोट्या धंद्याच्या लोनलाही की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे लोनच्या सगळ्या अटी-खर्चाचा कागद, द्यावंच लागतं, ते मागा आणि त्यातला एपीआर, म्हणजे सगळे खर्च धरून वर्षाचा खरा दर, बघा.

तुम्ही महिन्याला २०० तास धरलेत. तुमच्याच लॉगशीटवर वर्षभराची महिन्याची सरासरी १२० आहे, मग दुसऱ्याला २०० कुठून मिळणार? १२० तास, तासाला १२०० रुपये, झाले महिन्याला १ लाख ४४ हजार. डिझेल ५४ हजार, ऑपरेटर-हेल्पर ३८, ऑइल-टायर-रिपेअर १५. राहिले ३७ हजार, म्हणजे हप्ताही निघत नाही, आणि हे बिल वेळेवर मिळालं तर. नव्याचा हप्ता तर याहून बराच जास्त, तो विषयच सोडा.

आता उलटं बघा. ते ९ लाख आले, तुमचे ४ घातले, १३ झाले. १५ लाखांच्या मशीनला लोन लागेल फक्त २ लाख!

म्हणून त्याच्याकडून आधी थकबाकीची लेखी कबुली घ्या, सही-शिक्क्यासकट, तारखा घालून हप्ते ठरवा. माणूस चांगला असेल तर सही देईल. नाही दिली तर मशीन काढून घ्या, दुसरीकडे तास कमी मिळाले तरी चालतील. उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, आजच करा, सरकारी साइटवर फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका. त्यानंतरच्या बिलांना जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देण्याचा नियम लागतो, उशीर झाला तर व्याजासकट मागता येतं आणि समोरच्याला तो खर्च पैसे देईपर्यंत आयकरात दाखवता येत नाही. जुन्या बिलांना हे संरक्षण नाही, म्हणून तर ती लेखी कबुली हवी.

पैसे आल्यावर जुनंच घ्या, पण टोकन द्यायच्या आधी आरसीवरचा फायनान्सचा बोजा उतरलाय का बघा, आणि अवर मीटर (मशीन किती तास चाललं ते दाखवणारा) सर्व्हिस रेकॉर्डशी जुळवा, मीटर बदललेली मशीनं बाजारात आहेत.

आणि पत्रातली ती ६० हजारांची, १० वर्षं भरायची विमा पॉलिसी, लोनची "फाइल पास व्हायला लागते" म्हणून मागच्या आठवड्यात काढायला लावली ती. अशी कुठलीही सक्ती नाही, तुम्हाला फसवून विकलीय. मशीनचा विमा हवा, ही नको. कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते, किरकोळ कापून पैसे मिळतात. पत्र उद्याच कंपनीच्या शाखेत द्या आणि पोच घ्या.