वडिलांच्या उपचारांचा समन्वय कोणी करायचा, आणि कोणाच्या संमतीने?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वडील बहात्तर वर्षांचे, सातारा जिल्ह्यातल्या गावी आईसोबत राहतात. फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान नुकतेच झाले आहे. गावचे डॉक्टर, साताऱ्याचे छातीविकारतज्ज्ञ आणि पुण्याचे कर्करोगतज्ज्ञ असे तिघे त्यांना पाहत आहेत, पण तिघांचा आपसांत संपर्क नाही. पहिल्या रुग्णालयाने काही बिल बाकी असल्याचे सांगून कागदपत्रे अडवून ठेवली आहेत. वडिलांना काही सांगायचे नाही असे दादाने आणि काकांनी ठरवले आहे आणि सगळे रिपोर्ट घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत आहेत. न्यू जर्सीहून तुम्ही विचारता आहात की या सगळ्यांची सांगड घालणार कोण.

मी २४ वर्षे सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक या पदावर काम केले, आणि या कामात दिवसाचा बराचसा वेळ अशीच सांगड घालण्यात जात असे. तुमच्या प्रश्नात मला सर्वांत आधी जाणवले ते हे की, त्यात आठ माणसांचा उल्लेख आहे आणि त्यांपैकी सात जणांची मते कळतात. वडिलांचे मत कुठेच येत नाही. समन्वयाचा विचार तिथूनच सुरू करायला हवा, कारण कोणाला काय कळवायचे, फाइल कोणाकडे राहील आणि सही कोण करील हे ठरवण्याचा अधिकार मुळात त्यांचा आहे.

निदान लपवण्यामागची माया मला समजते. आपल्याकडील नियमांनीही या बाबतीत थोडी संदिग्धता ठेवली आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेचे २००२ चे विनियम असे सांगतात की, आजाराचे गांभीर्य वाढवून किंवा कमी करून सांगू नये, आणि रुग्णाला, त्याच्या नातेवाइकांना किंवा जबाबदार मित्रांना पुरेशी माहिती असल्याची डॉक्टरने खात्री करावी. त्यातल्या ‘किंवा’ या एका शब्दाच्या आधारे वर्षानुवर्षे नातेवाइकांना बाहेरच्या व्हरांड्यात सांगितले गेले आणि रुग्णाला खाटेवर ‘छातीत पाणी झालंय, होईल बरं’ असे ऐकवले गेले. संमतीच्या बाबतीत मात्र कायद्यात अशी संदिग्धता नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेल्या दिल्लीतील एका प्रकरणात, केवळ तपासणीसाठी भूल दिलेल्या प्रौढ स्त्रीच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय काढले गेले होते. रुग्ण सज्ञान आहे, निर्णय घेण्यास समर्थ आहे, प्राणावर बेतलेला प्रसंग नाही, अशा वेळी नातेवाइकाची संमती चालत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. तुमचे वडील शुद्धीवर आहेत, रोज वर्तमानपत्र वाचतात असे तुम्हीच लिहिले आहे. केमोथेरपीच्या संमतिपत्रावर दादाने सही करणे आणि वडिलांना ‘ताकदीचे सलाइन’ म्हणून सांगणे हे नीतीलाही धरून नाही आणि कायद्यालाही.

माझ्या कामातला एक प्रसंग सांगते. अशाच वयाच्या एका शेतकऱ्यापासून घरच्यांनी चार महिने निदान लपवले होते. त्याने पतसंस्थेत शेजाऱ्याच्या कर्जाला जामीन राहिल्याचे घरात कोणालाच ठाऊक नव्हते, आणि आपण लवकर बरे होणार आहोत या समजुतीत त्याने तो विषय पुढे ढकलला. खरे कळले तेव्हा त्याला ऑक्सिजन लागला होता. मग दोन दुपारी त्याने मला थांबत थांबत सगळा हिशेब लिहून घ्यायला लावला. मुलांचा हेतू वाईट नव्हता, पण त्या माणसाच्या हाती असलेले चार महिने त्यांनी त्याला न विचारता वापरले. ही गोष्ट मी अजून विसरू शकलेली नाही.

तेव्हा वडिलांशी बोलावे. एकदम सगळे सांगून टाकावे असे माझे म्हणणे नाही. आधी ‘तुम्हांला काय झालंय असं तुम्हांला वाटतं?’ असे विचारावे, आणि मग ‘तपासणीत काय निघालं ते तुम्हांला डॉक्टरांकडून ऐकायचं आहे, की दादाने ऐकून ठरवावं असं वाटतं?’ असे. पुष्कळ वृद्ध दुसरा पर्याय निवडतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. विचारल्यानंतर ‘तुम्हीच बघा’ असे म्हणणारा माणूस आणि ज्याला विचारलेच नाही असा माणूस यांत फार मोठे अंतर आहे. ‘दादा तुमच्या वतीने बोलेल का?’ हेही वडिलांना याच वेळी विचारावे आणि वडिलांच्या सहीचा साधा दोन ओळींचा कागद करून घ्यावा. त्यानंतर तिन्ही डॉक्टरांशी बोलणारा घरचा माणूस एकच असावा. चुलत्याने एका डॉक्टरला आणि मेहुण्याने दुसऱ्याला फोन करून निरनिराळी उत्तरे आणायची, यातून गोंधळ किती वाढतो हे मी रोज पाहिले आहे.

कागदपत्रांबद्दल. त्याच २००२ च्या विनियमांनुसार आंतररुग्णाच्या (दाखल झालेल्या रुग्णाच्या) नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षे जपून ठेवणे बंधनकारक आहे, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने मागितल्यावर ७२ तासांत त्या द्याव्या लागतात. (२०२३ साली नवे विनियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले, त्यामुळे जुनेच लागू आहेत.) बिलाचा वाद हा वेगळा विषय आहे, तो नोंदींशी जोडता येत नाही. तोंडी मागू नका. वडिलांच्या सहीचा अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या. अर्जात डिस्चार्ज कार्ड आणि स्कॅनच्या सीडीबरोबर बायोप्सीचे ब्लॉक आणि स्लाइड (तपासणीसाठी काढलेल्या तुकड्याचे जपून ठेवलेले नमुने) आवर्जून मागा. पुण्याचे तज्ज्ञ किंवा मुंबईचे टाटा रुग्णालय त्यांची फेरतपासणी करू शकते, आणि ते हाती नसले तर म्हाताऱ्या माणसाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागण्याची वेळ येते.

व्हॉट्सॲप ग्रुप मात्र आजच बंद करा. शस्त्रक्रियेपूर्वीच्या नेहमीच्या तपासण्यांत एचआयव्ही आणि कावीळ यांचेही अहवाल असतात. एचआयव्हीची माहिती संमतीशिवाय उघड करण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे, पण इतर आजारांचीही गोपनीयता तितकीच जपली पाहिजे. वडिलांना स्वतःला जे माहीत नाही ते बावीस नातेवाइकांना माहीत आहे, ही स्थिती मला फार क्लेशकारक वाटते.

तिघा डॉक्टरांपैकी मध्यवर्ती कोण? माझा कौल गावच्या डॉक्टरांना, कारण रात्री दोन वाजता धाप लागली तर आई त्यांनाच फोन करणार आहे. इथे धोरणातली एक मोठी उणीव आडवी येते. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता राज्यातील सर्व कुटुंबांना खुली आहे, तिचे संरक्षण कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत आहे, आणि अंगीकृत (योजनेत सामील असलेल्या) रुग्णालयातील आरोग्यमित्र नोंदणीत मदत करतात. परंतु योजना पैसे देते ते ठरलेल्या उपचारांच्या पॅकेजचे. गावच्या डॉक्टरने पुण्याच्या डॉक्टरला फोन करून औषधांची यादी तपासली, कोणते थांबवायचे ते ठरवले, यासाठी कोणालाही एक रुपया मिळत नाही. ज्या कामाला मोबदला नाही आणि जबाबदारीही नेमलेली नाही, ते घरच्यांच्या अंगावर येते. पूर्वमंजुरी एका रुग्णालयाच्या नावाने होते, म्हणून मध्येच रुग्णालय बदलले तर सगळे कागद नव्याने लावावे लागतात. तेव्हा पहिल्या केमोच्या आधीच, निवडलेले रुग्णालय कर्करोगासाठी अंगीकृत आहे का, हे योजनेच्या १५५३८८ या हेल्पलाइनवर विचारून घ्या.

जिथे समन्वयाला अधिकृत मोबदला नाही, तिथे अनधिकृत मोबदला शिरतो. रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन घेणे २००२ च्या विनियमांत निषिद्ध आहे, तरी ‘कट’ हा शब्द तालुक्याच्या गावीही सर्वांना माहीत असतो. २०१७ साली राज्य सरकारने त्याविरुद्ध कायद्याचा मसुदा केला होता, पण कायदा झाला नाही. तुमच्या गावच्या डॉक्टरांवर मी संशय घेत नाही. मात्र विशिष्ट केंद्रावरच स्कॅन करण्याचा आग्रह झाला, तर त्याचे वैद्यकीय कारण चिठ्ठीवर लिहून मागायला संकोच करू नका.

शेवटच्या टप्प्याविषयी तुम्ही विचारले नाही, पण लिहिते. व्हेंटिलेटर नको अशी वडिलांची इच्छा असेल तर तसा दस्तऐवज करण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली मान्य केला आणि २०२३ साली त्याची पद्धत सोपी केली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. त्याला अजून वेळ आहे. या आठवड्यात दादाने गावी जावे, आईला जवळ बसवून वडिलांना वरचे दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर ऐकेपर्यंत मध्ये बोलू नये. पुण्याची पुढची तारीख त्यानंतरची घ्या, आणि त्या दिवशी डॉक्टरांसमोरच्या खुर्चीवर वडील बसतील असे पाहा.