पॉजचं बटण

प्रिय मुली,

तुझं पाकीट मंगळवारी पोचलं. पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये अकरा चित्रं, वरून रबरबँड, आणि पावसात भिजलेला एक कोपरा. चित्रांना काही झालेलं नाही, काळजी करू नकोस. पहिलं चित्र हातात घेतलं आणि नकळत गुणगुणायला लागले, 'ता ना ना, ताना नाना ना'. आतल्या खोलीतून काकांनी ती धून उचलली, आणि मग दहा मिनिटं घरात दुसरं काही झालंच नाही. एल. वैद्यनाथन यांची ती चाल आमच्या पिढीच्या कानातून जायची नाही. १९८७ च्या आसपास दूरदर्शनवर 'मालगुडी डेज' ही मालिका लागायची तेव्हा आमच्या चाळीत टीव्ही तीन घरांत होता आणि प्रेक्षक अठरा घरांतले. तुला ती मोबाइलवर सापडली आणि तू एका महिन्यात तिची अकरा चित्रं काढलीस, याचं मला फार अप्रूप वाटलं.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते. 'फॅन आर्टमध्ये वेळ घालवते म्हणून सगळे बोलतात, स्वतःचं काही कर म्हणतात,' असं तू लिहिलं आहेस. बोलू देत. काढ तू, भरपूर काढ. महिन्यात अकरा चित्रं मी गिऱ्हाइकाने आगाऊ पैसे दिले तरी काढत नाही. हात वळायला जो सराव लागतो तो प्रेमापोटी फुकटात होत असेल, तर तो कशाला सोडायचा?

पण एक सांगू? अकरांपैकी नऊ चित्रं तू मालिका थांबवून काढली आहेस. पॉज दाबून, स्क्रीनशॉट शेजारी ठेवून. मला कसं कळलं, तर नऊही चित्रांची चौकट चारास तीन आहे, जुन्या टीव्हीच्या पडद्याची. तू हातात घेतलेला कागद त्या मापाचा नव्हता, तरी त्याच्यावर पेन्सिलीने ती चौकट आखून घेतलीस. एका चित्रात स्वामीच्या, म्हणजे मालिकेतल्या त्या शाळकरी पोराच्या, डाव्या हाताला कुणाचा तरी अर्धा खांदा आहे. तो कुणाचा, तिथे का, याच्याशी तुझ्या चित्राला काही देणंघेणं नाही. फ्रेममध्ये होता म्हणून तो आला. दुसऱ्या एका चित्रात त्याच्या वडिलांचे डोळे अर्धवट मिटलेले आहेत. वडील झालेल्या गिरीश कर्नाडांनी तसा अभिनय केलेला नाही गं, पापणी लवताना तू पॉज दाबलंस!

या नऊ चित्रांत चूक काढायला जागा नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. कॅमेरा कुठे ठेवायचा, उजेड कुठून घ्यायचा, कुणाला कापायचं, हे दिग्दर्शक शंकर नाग आणि त्यांच्या माणसांनी कर्नाटकातल्या आगुंब्यात उभं राहून ठरवलं होतं. तू त्या निर्णयांवरून पेन फिरवलंस. हात तयार झाला, पण डोळा बसून राहिला.

उरलेली दोन बघ. एक स्टेशनचं आणि एक पोस्टमनचं. मागच्या बाजूला तूच लिहिलं आहेस, 'गाडीत बसून आठवून काढलं, चुकलं असेल.' चुकलंच आहे. पोस्टमनची पिशवी एवढी मोठी झाली आहे की तो तिच्या मागे लपल्यासारखा दिसतो. पण ती गोष्ट आठव. पोस्टमन थनप्पाला गल्लीतल्या प्रत्येक घराची सुखदुःखं ठाऊक असतात. लग्नघरी द्यायचं आजारपणाचं कार्ड आणि मग मृत्यूची तार तो स्वतःकडे दाबून ठेवतो, कारण लग्न मोडलं तर मुलीला पुन्हा स्थळ मिळायचं नाही. कार्य पार पडल्यावर येऊन कबूल करतो. त्या पिशवीत टपाल आहे तसंच एक मरणही आहे. तुझ्या हाताला ते कळलं आणि त्याने पिशवी फुगवली. कुठलाही स्क्रीनशॉट तुला एवढी मोठी पिशवी देणार नव्हता.

तेव्हा पुढचे काही आठवडे असं करून बघ. एक भाग पूर्ण बघ, हातात काहीही न घेता. मग मोबाइल बंद कर. त्याच दिवशी काढायचं नाही. दुसऱ्या दिवशी, डोक्यातला गाळ खाली बसल्यावर, जे उरलं असेल ते काढ. आधी काडेपेटीएवढी सात-आठ छोटी थंबनेल्स, मग त्यातलं एक मोठं. चित्र पुरं झाल्यावरच मालिका परत लाव आणि ताडून बघ.

तुला दोन प्रकारच्या चुका सापडतील. एक आठवणीची, थनप्पाच्या पिशवीसारखी. तिला हात लावायचा नाही. दुसरी अज्ञानाची, आणि ती मात्र निर्दयपणे दुरुस्त करायची. उदाहरणार्थ, पोस्टमनच्या चित्रात तुझ्या सगळ्या घरांना सपाट गच्च्या आहेत आणि खिडक्यांवर कुठल्या तरी हवेलीच्या कमानी. आगुंबे शिमोगा जिल्ह्यात, घाटमाथ्यावर आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, दक्षिणेची चेरापुंजी म्हणतात त्या गावाला. तिथे सपाट छप्पर घातलं तर पहिल्या पावसाळ्यातच घरात तळं होईल. उतरती कौलं, खाली झुकलेल्या पागोळ्या, लाकडी खांब, मधोमध चौक, मागे पोफळी. हे सगळं तू बघितलेलं आहेस, फक्त जोडलेलं नाहीस. आजोळी गुहागरला जातेस ना? ओटीवर बसून कौलांचा उतार, वाशांची टोकं, पावसाने काळपटलेला चिरा वहीत उतरवून आण. नक्षी, जोती वेगळी असतील, ती मालिकेत बघून घे. पण पावसाने घराला कसं वाकायला लावलं आहे ते एकाच सह्याद्रीच्या दोन टोकांना सारखंच दिसेल.

गंमत म्हणजे, ज्यांच्या गोष्टींवरून मालिका झाली त्या आर. के. नारायणांचं मालगुडी नकाशावर कुठेच नाही. शरयू नदी, मेंपीचे डोंगर, मार्केट रोड, सगळं कागदावरचं. ते आगुंब्यात उभं करणं हा शंकर नागांचा निर्णय. म्हणजे मालिका हीसुद्धा एका वाचकाने पुस्तकावर केलेली फॅन आर्टच आहे, असं मी म्हटलं तर तुमचे ते 'ओरिजिनल कर' म्हणणारे लोक चिडतील. चिडू देत.

आता कावळे. तुझ्या चार चित्रांत तारेवर, कौलावर, खांबावर कावळा बसलेला आहे. मी मुद्दाम दोन भाग परत बघितले, त्यात कावळा काही सापडला नाही. कुठून आला ते तुलाही माहीत आहे. मालिकेच्या सुरुवातीला नारायणांचे धाकटे भाऊ, व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांची रेखाटनं येतात, आणि लक्ष्मणांचं कावळ्यांवरचं प्रेम जगजाहीर. इथे तू खऱ्या अडचणीत आहेस. दुसऱ्या कुठल्या मालिकेची फॅन आर्ट काढली असतीस तर समोर फक्त नट असते. मालगुडी काढायला बसलीस की खांद्यावरून लक्ष्मण डोकावतात. धाकट्या भावाने थोरल्याच्या गावाची चित्रं आधीच काढून ठेवलेली, आणि तीही अशी की त्याच्यापुढे आपण काय काढणार!

तुझी रेघ बघ. स्वामीच्या गुडघ्याशी ती जाड होते आणि पोटरीवरून निसटत बारीक होते. ती लक्ष्मणांची रेघ आहे, ब्रश आणि काळ्या शाईची. तू ती आधी आयपॅडवर, ब्रशची सेटिंग्ज बदलबदलून जमवली आहेस आणि मग कागदावर उतरवली आहेस. नक्कल उत्तम आहे. नक्कल करण्यात पाप नाही. लक्ष्मण स्वतः इंग्रज व्यंगचित्रकार डेव्हिड लो यांच्या चित्रांवर लहानपणापासून फिदा होते, इतके की सही नीट वाचता येत नसल्याने कितीतरी दिवस त्यांना चित्रकाराचं नाव 'Low' ऐवजी 'Cow' वाटत होतं. ज्याचं नाव नीट लागत नाही त्याच्यावर इतका जीव! फॅन म्हणतात तो हाच. पण ते लो यांच्या चित्रांपाशी थांबले नाहीत. आपल्या खिडकीबाहेरच्या वाळक्या काटक्या, सरडे-पाली, लाकडं फोडणारा गडी आणि छपरांवरचे कावळे ते काढत राहिले. म्हणजे तू ज्या कावळ्याची नक्कल करते आहेस तो त्यांनी म्हैसूरला खिडकीतून बघितलेला आहे. तुझ्या खिडकीबाहेर काय बसतं? पारवे असतील. मग पारवे काढ. मालगुडीत पारवे नव्हते असं कोण म्हणतो?

जे. जे.च्या प्रवेशाचं तू जाता जाता लिहिलं आहेस, म्हणून एवढंच. लक्ष्मणांनाही जे. जे.ने प्रवेश नाकारला होता. तू अर्ज कर, नीट तयारी करून कर. नाहीच झालं तर दोन दिवस रड आणि तिसऱ्या दिवशी वही उघड.

चेहऱ्यांबद्दल. 'कर्नाड कर्नाडांसारखे दिसत नाहीत' म्हणून तू त्यांचा चेहरा सहा वेळा खोडला आहेस, कागदाची साल निघाली आहे तिथे. नाकडोळे मोजून साम्य येत नाही गं. वर्गात मागून येणारी मैत्रीण तुला तोंड न बघता ओळखू येते ना? चालीवरून, खांद्यांवरून, मान कुठे झुकते त्याच्यावरून. तसंच इथे. मालिका चालू ठेव, आवाज बंद कर आणि तीस-तीस सेकंदांत आकृत्या टाकत जा. चेहरा कोरा ठेवायचा. माणूस खोलीत शिरल्यावर मुलाचं अंग कसं आक्रसतं ते पकड. वडील आणि स्वामी यांच्यात किती अंतर सोडलं आहे एवढ्यावर ते वडील ओळखू आले पाहिजेत. ते आल्यावर नाक थोडं वाकडं झालं तरी कर्नाडच दिसतील.

विकण्याचं विचारलं आहेस. प्रिंट्स, स्टिकर, मगवर छापू का? सरावासाठी, स्वतःसाठी काढणं वेगळं आणि छापून पैसे घेणं वेगळं. कॉपीराइटचा १९५७ चा कायदा खासगी वापराला आणि अभ्यासाला बरीच मोकळीक देतो, धंद्याला तशी देत नाही. लक्ष्मण २६ जानेवारी २०१५ ला पुण्यात गेले. चित्रकाराच्या कामावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो, म्हणजे त्यांची रेखाटनं २०७५ च्या अखेरपर्यंत सुरक्षित. त्यांच्या चित्रावरून काढलेलं काही तू विकू नकोस. मालिकेचेही मालक आहेत, नटाच्या चेहऱ्यावर नटाचाही हक्क असतो. तुझ्या पोस्टमनला बघून कुणी म्हणालं, 'याच हाताने माझ्या पुस्तकाची चित्रं काढ,' तर ती कमाई निर्वेध. मला पहिलं काम असंच मिळालं.

त्याच्याही आधी मिळालं होतं खरं तर, पण ते सांगण्यासारखं नाही. सांगतेच. विशीत असताना एका दिवाळी अंकासाठी मी एका गाजलेल्या मालिकेतल्या नटीचं चित्र केलं होतं. मासिकात आलेला फोटो समोर ठेवून, केसांच्या बटेसकट. अंक निघाला आणि तो फोटो काढणाऱ्या छायाचित्रकाराचा संपादकांना फोन आला. संपादकांनी मला बोलावलं. दोघांनी मिळून मला रागवावं अशी माझी अपेक्षा होती, पण छायाचित्रकार फक्त एवढंच म्हणाला, 'ती बट वाऱ्याने उडावी म्हणून मी दीड तास थांबलो होतो.' मी त्या बटेसाठी दहा मिनिटं दिली होती. मानधन परत केलं. नंतर कितीतरी दिवस मला कुणाचेच केस काढता येईनात.

तुझ्या स्टेशनच्या चित्राबद्दल लिहायचं राहिलंच. स्वामीचा मित्र राजम गाव सोडून चालला आहे आणि स्वामी हातात पुस्तक घेऊन सुटलेल्या गाडीमागे धावतो आहे. तो प्रसंग कुणीही काढील. तू गाडी निघून गेल्यानंतरचा फलाट काढला आहेस. रूळ, एक बाक, आणि फलाटाच्या कडेला एकच चप्पल. ती चप्पल कुठल्या भागात आहे ते मी शोधलं. नाही सापडली. तुझीच आहे ती.

शिमोग्याजवळ अरसाळू नावाचं स्टेशन आहे, मालिकेतलं काही चित्रीकरण तिथे झालं होतं. जुनी इमारत डागडुजी करून तिथे आता मालगुडीचं संग्रहालय केलं आहे. दिवाळीनंतर काका आणि मी तिकडे जायचं म्हणतो आहोत. तुझ्या आईला विचार, आमच्याबरोबर येतेस का. येणार असशील तर आयपॅड घरी ठेव. निब मी देते, शाईची बाटली तू आण, आणि तिचं बूच घट्ट लाव. मागच्या खेपेला माझ्या सोफ्यावर जो डाग पडला तो अजून तिथेच आहे. काका त्याला मालगुडीचा नकाशा म्हणतात.

दहा चित्रं याच पाकिटातून परत पाठवते आहे. पोस्टमन माझ्याकडे ठेवला आहे.

तुझी,
मावशी