यंत्र दुष्ट असून भागत नाही

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे. या वेळचा विषय : डिस्टोपियन कथा, म्हणजे माणसाला दडपणाऱ्या, बिघडलेल्या जगाच्या कथा

प्रश्न : मी २०९० सालच्या कोल्हापुरावर अडीच हजार शब्दांची कथा लिहिली. एक हुकूमशहा, डोक्यावर ड्रोन, रस्त्यावर चिटपाखरू नाही. संपादकांनी 'भीती वाटत नाही' एवढाच शेरा मारून परत पाठवली. काय चुकलं?
— एक वाचक, शिवाजी पेठ

उत्तर : तुमचं यंत्र, म्हणजे ते ड्रोन, पहिल्या ओळीपासूनच दुष्ट आहे, ते चुकलं. असलं यंत्र कोण घरात घेईल? वाचक पहिल्या परिच्छेदातच म्हणतो, आपण नसतं बुवा ऐकलं. तो असा सुटला की कथा गेली.

इंग्रज लेखक ई. एम. फॉर्स्टर यांची 'द मशीन स्टॉप्स' ही १९०९ ची कथा मिळवून वाचा. त्यातली वाश्ती जमिनीखाली, पोळ्यातल्या घरासारख्या षट्कोनी खोलीत राहते. जेवण, कपडे, गाणं, गरम पाण्याची आंघोळ, सगळ्याला बटण. हजारो माणसं तिच्या ओळखीची आहेत. व्याख्यान देते तेही खोलीत बसून, दहा मिनिटांत उरकतं. तिला कुणी डांबलेलं नाही, तिची तक्रारही नाही. पुढे हवाई जहाजात तिचा तोल जातो, तिथली सेविका हात धरून सावरते, तर ही भडकते. कारण माणसाला माणसाने शिवायची रीतच उरलेली नाही. आणि सेविका माफी मागते, पडू दिलं नाही याबद्दल! 'तो फार एकाकी होता' असं तुम्ही तीनदा लिहिलंय. ती तीनही वाक्यं काढा आणि अशी एक माफी शोधा.

आता कोल्हापूर. इथे एकटेपणा पटवणं मुळातच अवघड. गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर रात्री म्हशी उभ्या, माणसं पेला धरून उभी, डोळ्यांसमोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात. हे गाव एका हुकमाने घरात बसेल यावर कुणाचा विश्वास बसणार? म्हणून बंदी घालू नका. तिथे जायची गरजच संपवा. आधी तेच धारोष्ण दूध पाच मिनिटांत दारात येऊ दे. मग गिऱ्हाईक घटलं म्हणून म्हैस कट्ट्यावर आणणं परवडेनासं होऊ दे. मग कधीतरी रात्री कुणी नुसताच उभा दिसला, तर गल्लीतल्याच माणसाने 'ह्याची तब्येत बरी दिसत नाही' असं यंत्राला कळवावं, तेही अगदी काळजीने. कथा या तिसऱ्या पायरीवर सुरू करा. आधीच्या दोन पायऱ्या बोलण्याच्या ओघात दोन-तीन वाक्यांत आल्या तरी पुरे.

लिहायला बसण्यापूर्वी एका कागदावर यंत्राची कुंडली मांडा. ते माणसाकडून काय घेतं (पावलं, आवाज, झोपेचे तास), बदल्यात काय देतं, चुकतं कधी, आणि बिघडलं तर दुरुस्तीला कोण येतं. हा शेवटचा माणूस बहुतेक जण विसरतात. त्याच्या पिशवीतल्या पक्कड-टेस्टरने जग जेवढं खरं वाटतं तेवढं ड्रोनच्या थव्याने वाटत नाही. नियम एकच ठेवा. तो मोडण्याआधी दोनदा पाळलेला दिसू दे, एकदा खुशीने आणि एकदा किंचित खट्टू होऊन. अडीच हजारांत पहिले तीनशे शब्द कुठलंही स्पष्टीकरण नको. नियम मोडायचा तो पंधराशेच्या आसपास. हुकूमशहाच्या भाषणाला शब्द शून्य.

प्रश्न : बी.ए.च्या प्रकल्पात मी 'द पेडेस्ट्रियन' आणि 'हॅरिसन बर्जेरॉन' या कथा 'तंत्रज्ञानाने दडपलेला माणूस' या एकाच शीर्षकाखाली घेतल्या. मार्गदर्शक म्हणतात, दोन्हींचं दडपण वेगळं आहे. ते कसं दाखवू?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी

उत्तर : मार्गदर्शक बरोबर सांगताहेत. रे ब्रॅडबरी यांच्या 'द पेडेस्ट्रियन' कथेत (१९५१) साल आहे २०५३. तीस लाख वस्तीच्या शहरात पोलिसांची एकच गाडी उरली आहे, आणि तिच्यातही माणूस नाही. गुन्हे ओसरलेत, कारण संध्याकाळ झाली की सगळे पडद्यासमोर. लेनर्ड मीड रात्री पायी फिरतो, एवढाच त्याचा अपराध. 'मी लेखक' म्हटल्यावर गाडी नोंद करते, 'व्यवसाय नाही'. घरात हवा असताना हवा खायला बाहेर कशाला, असंही विचारते. घरात बसा असा कायदा कथेत कुठेही दाखवलेला नाही. लोक आपण होऊन बसलेत, म्हणून चालणारा वेडा ठरतो.

कर्ट व्हॉनेगट यांच्या 'हॅरिसन बर्जेरॉन' कथेत (१९६१) साल २०८१, आणि तिथे मात्र सगळं कायद्याने चालतं. अमेरिकेच्या घटनेच्या २११, २१२ आणि २१३ व्या दुरुस्त्यांनी सगळ्यांना समान केलंय, म्हणजे जो वरचढ त्याच्यावर ओझं. हॅरिसनच्या हुशार बापाच्या, जॉर्जच्या, कानात रेडिओ, दर वीसेक सेकंदांनी कर्कश आवाज, म्हणजे विचाराचा धागा जुळायलाच नको. गळ्यात कुलूप घातलेली छर्‍यांची पिशवी, सत्तेचाळीस पौंडांची. म्हणजे एकवीस किलोंच्या वर, सिमेंटच्या अर्ध्या पोत्याला थोडीच कमी. यातलं तंत्रज्ञान बघा किती गावठी आहे: शिसं, कुलूप, सुंदर चेहऱ्यावर मुखवटा. दडपण कायद्याचं आहे, यंत्र फक्त त्याचा हवालदार.

तेव्हा प्रत्येक कथेला तीन प्रश्न लावा. सक्ती कोण करतं? ती शरीराला नेमकी कुठे टोचते? आणि बघून न बघितल्यासारखं कोण करतं? तिसऱ्या प्रश्नावर थांबा, गुण तिथे आहेत. व्हॉनेगट समतेची टर उडवतात की समतेला भिणाऱ्यांची, यावर वाचकांत दोन तट आहेत. कुठलीही बाजू घ्या, पण घ्या. 'दोन्ही मतांत तथ्य आहे' असं लिहून सुटू नका.

जाता जाता, एकसारखं वागायला लावायला यंत्रच लागतं असंही नाही. शाहू स्टेडियमवर आपल्या पेठेच्या पोरांत बसून समोरच्या संघाच्या गोलला टाळी वाजवून बघा.

प्रश्न : डिस्टोपियाला चांगला मराठी शब्द कोणता?
— एक वाचक, कागल

उत्तर : एकच असा रुळलेला नाही. 'युटोपिया', म्हणजे आदर्श जग, हा शब्द थॉमस मोर यांचा, १५१६ चा. त्याच्या उलट अर्थाने 'डिस्टोपियन' हा शब्द इंग्रज विचारवंत जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८६८ साली ब्रिटिश संसदेतल्या भाषणात वापरला. आम्ही डिस्टोपियाच लिहितो. कथेत तर कुठलाच शब्द नको, तिथल्या माणसांना आपण डिस्टोपियात राहतो हे माहीत नसतं.

प्रश्न : माझ्या कथेच्या शेवटी सर्व्हर बंद पडतो, लोक घराबाहेर येतात आणि एकमेकांना मिठी मारतात. वाचणारे हसतात.
— एक शिक्षक, गडहिंग्लज

उत्तर : हसणारच. यंत्र एका झटक्यात बंद पडत नसतं आणि माणसंही तेवढ्या घाईने बदलत नाहीत. फॉर्स्टरच्या कथेत आधी गाण्यात खरखर येते. तक्रार होते, समितीकडे जाते. मग त्या खरखरीची सवय होते. कृत्रिम फळाला बुरशी, आंघोळीच्या पाण्याला वास, त्याचीही सवय. पुढे कळतं की दुरुस्ती करणारं यंत्रच दुरुस्तीला आलंय. आणि शेवटी, जन्मापासून कानात असलेली घरघर थांबते, तर त्या शांततेनेच हजारो माणसं दगावतात.

बिघाड साखळीने लिहायचा. ऑगस्ट २०१९ चा कोल्हापूरचा महापूर आठवा. शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, उपसा केंद्रं बुडाली, आणि चहूकडे पाणी असताना शहराचे नळ कोरडे. पूर आला की पाणी तुटतं, हे बाहेरच्याला सुचणार नाही. मोटर कुठे बसवलीय हे ठाऊक असलेल्यालाच सुचेल. तुमच्या सर्व्हरचंही तसंच करा. तो गेल्यावर पहिलं काय अडतं? दाराचं कुलूप, लिफ्ट, की आजोबांच्या गोळ्यांची आठवण करून देणारा आवाज? असे तीन बिघाड एकातून एक निघालेले दाखवा, मधे काही दिवस जाऊ द्या, आणि पहिल्या दोन्हींची लोकांना सवय होऊ द्या. मिठी ठेवायचीच असेल तर एकच ठेवा, अवघडलेली, आणि ती सुटल्यावर दोघांतल्या एकाला 'माफ करा हं' म्हणू दे.