मलेशियाला जाताना सोबत किती खाणं न्यावं? तिथे खाण्याचे हाल होतात का?

हाल बिल काही होत नाहीत. पेनांग आणि क्वालालंपूरसाठी रेडी टू ईटची पाकिटं किती घेऊ असं विचारलंय तुम्ही, तर एकही घेऊ नका.

नोकरीनिमित्त मी पेनांगला राहिलोय आणि हा प्रश्न दिसला की मला आमचे साडूच आठवतात. अर्धी बॅग मेतकूट आणि चिवड्याने भरलेली. सकाळी मी हौसेने टपरीवरून नासी लेमाक आणलं, केळीच्या पानातली गरम पुडी, नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्यावर लालभडक सांबल (मिरचीची चटणी), तळलेले बारीक सुके मासे, शेंगदाणे, काकडी, अर्धं अंडं. पुडी सोडली मात्र, साडूंनी नाक धरलं. कसला हो हा वास! अहो, मालवणचा माणूस! त्या सांबलात बेलाचान असतं आणि बेलाचान म्हणजे दुसरंतिसरं काही नाही, जवळाच, मीठ लावून आंबवून वडी पाडलेला. घरी जवळ्याची चटणी असली की हेच गृहस्थ भाकऱ्या मोजत नाहीत. तसं सांगितलं तर म्हणे "आपला जवळा वेगळा". बसले चिवडा खात.

रात्री मामाककडे नेलं, म्हणजे तमिळ मुसलमानांची खानावळ. तिथे साडूंनी डाळीसोबत रोती चानाय, म्हणजे पदर सुटलेला पराठा, आणि वरून हातभर धार ओढून फेसाळलेला तेह तारिक, म्हणजे दुधाचा चहा, हाणला, पण गावी येऊन सांगितलं काय, तर "पराठे बरे मिळतात, बाकी खाण्यासारखं काही नाही". नासी लेमाक, रोती चानायवाली ही नाश्त्याची पद्धत युनेस्कोने २०२४ मध्ये वारशाच्या यादीत घेतली, ती बातमी मी मुद्दाम फॅमिली ग्रुपवर टाकली. साडूंचा नुसता अंगठा.

तर तुम्ही पेनांगला आसाम लक्सा खाच. बांगड्याचा आंबट रस्सा, तांदळाच्या जाड शेवया, वर अननस आणि पुदिना. ‘चार क्वे तियाव’, म्हणजे तांदळाच्या परतलेल्या चपट्या शेवया, मात्र जो मोठ्या आचेवर एकेक प्लेट परतून देतो त्याच्याकडेच, आधीच ढीग करून ठेवणाऱ्याकडे नको. उन्हातून आलात की चेंडोल, म्हणजे नारळाचं दूध, गूळ आणि हिरव्या शेवया घातलेला बर्फाचा गोळाच.

हां, शाकाहारी असाल तर जपून, पालेभाजीतसुद्धा बेलाचान घालतात. पण केळीच्या पानावर वाढणारी तमिळ हॉटेलं आहेत, चिनी बौद्धांची शाकाहारी हॉटेलंही आहेत, उपाशी नाही राहणार. चार क्वे तियावमध्ये बऱ्याचदा डुकराची चरबी असते. मामाककडे ती भानगड नाही पण बीफ असतं, विचारून घ्या. बाकी घरी सुकट भाजणाऱ्याने तिकडच्या वासाची तक्रार माझ्याकडे आणू नये.