वाचकांचे प्रश्न : टीव्हीवर उडालेला पीटर पॅन

मागच्या अंकात मी माझ्या उन्हाळी नाट्यशिबिरात मुलांना दाखवते त्या परदेशी प्रयोगांची यादी दिली होती. त्यातल्या एकाच नावावर पत्रांचा पाऊस पडला : अमेरिकन टीव्हीवरचा संगीत 'पीटर पॅन', ज्यात पीटरचं काम मेरी मार्टिन या अभिनेत्रीने केलं. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय.

गोष्ट ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. लंडनमधल्या डार्लिंग कुटुंबातल्या तीन मुलांच्या खोलीत रात्री खिडकीतून एक मुलगा शिरतो. तो कधीच मोठा होत नाही. हरवलेली सावली शोधायला आलेला हा पीटर तिघांना उडायला शिकवतो आणि नेव्हरलँडला घेऊन जातो. तिथे आईबापांपासून हरवलेली मुलं आहेत, हुक नावाचा एकहाती समुद्री चाचा आहे आणि पोटात घड्याळ टिकटिकणारी मगर आहे. जे. एम. बॅरी यांच्या या नाटकाचा पहिला प्रयोग २७ डिसेंबर १९०४ रोजी लंडनच्या ड्यूक ऑफ यॉर्क्स थिएटरात झाला.

ताई, नातीला दाखवायचं म्हणून शोधायला बसले तर मेरी मार्टिनचेच दोन-तीन पीटर पॅन निघाले. एक कृष्णधवल, एक रंगीत. यातला खरा कुठला? – एक आजी, एडिसन, न्यू जर्सी

आजी, सगळेच खरे आहेत. नाटक एकच, टीव्हीवरचे प्रयोग तीन.

ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या विंटर गार्डन थिएटरात हे संगीत नाटक आलं. दिग्दर्शन आणि नृत्यं जेरोम रॉबिन्स यांची. गाणी आधी मूस चार्लॅप आणि कॅरोलिन ली या जोडीने केली. मग ज्यूल स्टाइन, बेटी कॉम्डेन आणि अॅडॉल्फ ग्रीन यांच्याकडून आणखी काही करून घेतली. गर्दी होत असतानाही १५२ प्रयोगांवर नाटक थांबलं, कारण टीव्हीवर दाखवायचं आधीच ठरलं होतं. ७ मार्च १९५५ रोजी एनबीसी या अमेरिकन टीव्ही वाहिनीने ते थेट आणि रंगीत प्रक्षेपित केलं. रंगीत संच तेव्हा मोजक्याच घरांत होते, पण कार्यक्रम साधारण साडेसहा कोटी लोकांनी पाहिला. लोकांनी पुन्हा मागणी केली. आता पुन्हा दाखवायचं म्हणजे पुन्हा करायचं! कारण व्हिडिओ टेप अजून बाजारात यायची होती. जानेवारी १९५६ मध्ये सगळा संच परत जमला आणि नाटक परत थेट झालं.

या दोन्ही प्रयोगांचं आज जे उरलंय ते किनेस्कोप, म्हणजे टीव्हीच्या पडद्यासमोर फिल्मचा कॅमेरा ठेवून केलेलं चित्रीकरण. त्यात रंग गेले, कडा धूसर झाल्या. तुम्हाला सापडलेला कृष्णधवल हा त्यातलाच एक. रंगीत आहे तो ८ डिसेंबर १९६० चा. या खेपेला नाटक टेपवर घेतलं. मार्टिनबाई तेव्हा ब्रॉडवेवर 'द साउंड ऑफ म्युझिक' करत होत्या; ते सांभाळून त्यांनी हे केलं. पाच-सहा वर्षांत आधीच्या संचातली मुलं मोठी झाली होती, म्हणून डार्लिंगांची वेंडी आणि तिचे भाऊ बदलावे लागले. पीटर मात्र तोच, आणि सिरिल रिचर्ड यांचा हुकही तोच. ही टेप १९६३, १९६६ आणि १९७३ मध्ये पुन्हा दाखवली. मग ती जी कपाटात गेली, ती दुरुस्त होऊन १९८९ मध्ये परत आली.

नातीला १९६० चा दाखवा. रंग आहेत, आवाज स्वच्छ आहे, आणि रंगवलेले पडदे उघडउघड रंगवलेले दिसतात, जे मला फार आवडतं. ती झोपली की तुम्ही १९५५ चा बघा. रंगमंचावर रोज खेळून खेळून अंगात मुरलेलं नाटक त्या रात्री स्टुडिओत आलं होतं. कुणी चुकलं तर थांबायची सोय नव्हती. ती धाव त्या धूसर चित्रातूनही जाणवते.

आणि 'टेंडर शेफर्ड' नीट ऐका. आई मुलांना झोपवताना म्हणते ते साधंसं गाणं. आधी एकजण सुरू करतो, तो पुढच्या ओळीवर गेला की दुसरा पहिल्या ओळीपासून तेच गाणं धरतो, मग तिसरा. एकच चाल स्वतःवरच रचली जाते. माझ्या शिबिरात दहा-बारा वर्षांच्या मुलांना अशी गाणी मी बडबडगीतांवर शिकवते. पहिल्या दिवशी सगळे एकमेकांच्या ओळीत वाहून जातात. मग एखादी मुलगी कानावर हात ठेवून आपली ओळ सोडत नाही, आणि बाकीचे तिच्याभोवती उभे राहतात. त्या नाटकातली भावंडं हेच करतात म्हणून ती खरी भावंडं वाटतात.

पीटर मुलगा आहे, तर ते काम बाई का करते? माझ्या वर्गातली मुलं हसली. – शिक्षिका, सातारा

हसू द्या, पाच मिनिटांत थांबतात. १९०४ मध्ये पहिला पीटर नीना बूसिकॉल्ट यांनी केला, अमेरिकेत पुढच्याच वर्षी मॉड अॅडम्स यांनी, आणि तेव्हापासून तशी रीतच पडली. इंग्लंडच्या नाताळातल्या पँटोमाइममध्ये, म्हणजे गाण्या-विनोदांच्या परीकथा-नाटकांत (मूकाभिनय नव्हे), नायकाचं काम बाईने करायची पद्धत होतीच. शिवाय लहान मुलांना रात्री रंगमंचावर उभं करण्यावर कायद्याची बंधनं होती. पीटर दोन-अडीच तास गातो, लढतो, तारेवर लोंबकळतो. हे एखाद्या दहा वर्षांच्या पोराच्या आवाक्यातलं नाही.

मेरी मार्टिन १९५५ मध्ये ४१ वर्षांच्या होत्या. वर्गाला सांगा की 'आय गॉटा क्रो' या गाण्यात त्या कोंबड्यासारख्या आरवतात तेव्हा त्यांची छाती बघा आणि पाय बघा. दोन पाय फाकवून, मुठी कमरेवर ठेवून उभं राहणं त्यांनी असं पकडलंय की वय आणि बाईपण दोन्ही विसरायला होतं. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायची गरज पडू नये.

ते उडतात कसे? तार दिसते तेव्हा मजा जात नाही का? – मेकॅनिकलचा विद्यार्थी, नाशिक

कपड्याखाली पट्ट्यांचा घट्ट साज असतो, पाठीवर त्याला कडी, कडीला बारीक पोलादी तार. तार वर छताकडे जाते, कप्प्यांवरून विंगेत येते आणि तिथे माणसं दोर ओढतात. १९०४ मध्ये ही व्यवस्था जॉर्ज कर्बी यांनी केली होती. जुन्या रचनेत माणूस एका ठरलेल्या बिंदूखाली झुलायचा. त्यामुळे रंगमंचावर तो कुठे जाणार हे लोलकाच्या नियमाने आधीच ठरलेलं असायचं.

१९५० मध्ये अभिनेत्री जीन आर्थर पीटर झाल्या त्या आधीच्या वेगळ्या 'पीटर पॅन'साठी पीटर फॉय नावाचे तंत्रज्ञ इंग्लंडहून न्यूयॉर्कला आले. रॉबिन्स यांना १९५४ मध्ये नुसतं वर-खाली नको होतं, उडणं हेच नृत्य हवं होतं. त्यासाठी फॉय यांनी नवी रचना बसवली. एकाच्या हातात उंची, दुसऱ्याच्या हातात आडवी चाल, आणि वर उडणाऱ्याने नेमक्या ठोक्यावर जमीन सोडायची. तिघांपैकी एकाचा ताल चुकला की पीटर भिंतीवर. 'आय'म फ्लाइंग' हे गाणं आवाज बंद करून एकदा बघ. मेरी मार्टिन उडी मारण्याआधी गुडघे किती वाकवतात, हवेत असताना हात कुठे असतात, उतरताना चवड्यांवर कशा येतात. तुझ्या शाखेच्या कुठल्याही पुस्तकात इतका सुंदर लोलक नसेल.

तार दिसण्याचं म्हणशील, तर मला ती दिसलेली आवडते. माझ्यासमोर बसलेल्या मुलांना ती दिसते, ती एकमेकांना बोटाने दाखवतात, आणि पुढच्या क्षणी पीटर खिडकीबाहेर गेला की तीच मुलं जागेवरून उठतात. त्यांना फसवून घ्यायचं नसतं. नटाने मनापासून मागितलं की ती विश्वास आपणहून देतात. टीव्हीवरच्या नाटकाने नाटकच राहावं असा माझा जो हट्ट आहे, तो यासाठीच.

एक धोक्याची गोष्टही सांगते. सुरुवातीच्या प्रयोगांनंतर मुलं घरी जाऊन पलंगावरून उड्या मारू लागली आणि डॉक्टरांकडे न्यावी लागली. पालकांच्या विनंतीवरून बॅरींनी नाटकात भर घातली की आधी अंगावर परीची धूळ पडल्याशिवाय कुणालाच उडता येत नाही. दाखवणाऱ्याने मुलांना हे वाक्य आवर्जून ऐकवावं.

२०१४ चा नवा प्रयोग कसा आहे? आणि जुन्यात 'रेड इंडियन' लोकांचं जे चाललंय ते मुलीला दाखवावं का? – एक बाबा, पुणे

एनबीसीने ४ डिसेंबर २०१४ रोजी तेच नाटक पुन्हा थेट केलं. पीटर अॅलिसन विल्यम्स, हुक क्रिस्टोफर वॉकेन. प्रेक्षक ९० लाखांच्या थोडे वर. मेहनत भरपूर आहे, केली ओहारा यांनी आईची गाणी फार सुरेल म्हटलीत. तरी दोन गोष्टी मला खटकतात. टिंकर बेल परी तिथे संगणकावर काढलेली आहे. मूळ नाटकात ती फक्त प्रकाशाचा ठिपका असते आणि उरलेली परी मूल स्वतः घडवतं. दुसरं म्हणजे मुलांचे बाबा आणि कॅप्टन हुक ही कामं १९०४ पासून बहुधा एकच नट करत आला. संध्याकाळी टायवरून चिडलेला बाप रात्री चाचा होऊन येतो. मुलांच्या मनात काय चाललंय हे त्यात एक शब्द न बोलता कळतं. २०१४ मध्ये बाबांचं काम करणाऱ्या नटाला हुकचा सोबती स्मी दिला आणि वॉकेन नुसते हुक राहिले. त्यामुळे ती वीण उसवली.

तुमचा दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे. जुन्या प्रयोगात नेव्हरलँडमधल्या या टोळीची म्होरकी टायगर लिली, तिचं काम एका गोऱ्या, सोनेरी केसांच्या नर्तकीने केलंय, आणि तिच्या टोळीच्या तोंडी निरर्थक अक्षरांचं गाणं दिलंय. अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना ते अपमानाचं वाटतं, आणि त्यांचं बरोबर आहे. जिवंत माणसांच्या भाषेची जागा बडबडीने घेतली, याला निरागस म्हणता येणार नाही. २०१४ मध्ये चिकसॉ जमातीचे संगीतकार जेरॉड टेट यांचा सल्ला घेऊन ते गाणं बदललं, आणि अॅडॉल्फ ग्रीन यांच्या कन्या अमांडा ग्रीन यांनी नवे शब्द लिहिले. ते काम मला मनापासून पटलं. मुलीला जुना प्रयोग दाखवणार असाल तर तिथे थांबवा आणि विचारा, 'आपल्या मराठीची कुणी अशी नक्कल केली तर तुला कसं वाटेल?' माझ्या शिबिरातल्या मुलांनी या प्रश्नाला जी उत्तरं दिलीत, ती मोठ्यांच्या चर्चेत मी क्वचित ऐकलीत.

टिंकर बेल विष पिते तेव्हा आम्ही टाळ्या वाजवल्या नसत्या तर ती खरंच मेली असती का? – वय ९, कुडाळ

हा प्रश्न बॅरी आजोबांनाही पडला होता. हुकने पीटरच्या औषधात विष घातलेलं असतं, पीटरला वाचवायला टिंकर बेल ते पिते आणि तिचा प्रकाश विझत जातो. पीटर प्रेक्षकांना विचारतो, परी असते असं ज्यांना वाटतं त्यांनी टाळ्या वाजवा. पहिल्या रात्री थिएटरात बहुतेक मोठी माणसं होती. कुणी वाजवल्याच नाहीत तर? म्हणून त्यांनी वादकांना सांगून ठेवलं होतं की वाद्यं खाली ठेवा आणि तुम्ही सुरू करा. तशी वेळ आलीच नाही. टाळ्या इतक्या झाल्या की पीटर झालेल्या नीनाबाईंनाच रडू आलं, असं सांगतात.

आता टीव्हीवरचं बघ. स्टुडिओत समोर मुलं बसलेली नाहीत. मेरी मार्टिन सरळ कॅमेऱ्याच्या काचेत, म्हणजे तुझ्या डोळ्यांत बघतात आणि विचारतात. तुझी टाळी त्यांना ऐकू येणार नाही हे त्यांना माहीत आहे, तरी त्या तुला विनवतात. माझ्या मते त्या सगळ्या प्रयोगातलं सगळ्यात अवघड काम हेच होतं. उडण्यापेक्षा अवघड.

आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर : टिंकर बेल मरते असं पान बॅरी आजोबांनी लिहिलंच नाही. तू वाजवलीस, बरं केलंस.

शाळेत करायचं असेल तर परवानगी कुणाची? – संमेलन समिती, सोलापूर

बॅरींनी १९२९ मध्ये या नाटकाचे हक्क लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या मुलांच्या रुग्णालयाला देऊन टाकले. मुदत संपल्यावर ब्रिटिश संसदेने १९८८ च्या कायद्यात खास तरतूद करून त्या देशापुरतं मानधन रुग्णालयाला कायमचं ठेवलं. बॅरी १९३७ मध्ये गेले आणि आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, म्हणून भारतात त्यांची मूळ संहिता मोकळी आहे. अनुवाद मात्र स्वतः करा. दुसऱ्याने केलेल्या अनुवादावर त्याचा हक्क असतो. १९५४ ची गाणीही मोकळी नाहीत, ती परवान्याशिवाय घेऊ नका. शाळेत पेटी वाजवणारं कुणीतरी असेलच, त्यांना नव्या चाली करू द्या.

तारेच्या भानगडीत अजिबात पडू नका. उडणाऱ्या मुलांना बाकावर पोटावर झोपवा, मागे काळा पडदा लावा आणि बाकीच्या मुलांना ढग घेऊन उलट दिशेने पळू द्या. टिंकर बेलसाठी १९०४ ची युक्तीच वापरा : विंगेत एक जोरदार दिवा, हातात छोटा आरसा. आरसा धरायला शांत हाताची मुलगी निवडा आणि तिची तालीम वेगळी घ्या. ठिपका कुणाच्या डोळ्यांवर जाऊ नये आणि बोलणाऱ्याच्या खांद्याच्या वर हात-दीड हात राहावा. तिचं नाव पत्रिकेत नटांच्या यादीत छापा. आणि बाबा व हुक ही दोन्ही कामं एकाच मुलाला द्या.