ताईला ल्युपस आहे, मग मी ‘इम्युनिटी जीन’ची तपासणी करून घेऊ का?

नको. तुम्ही २४ वर्षांच्या, तब्येत ठणठणीत. ताईला एसएलई, म्हणजेच ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार), निघालं म्हणून कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या लॅबवाल्याने जनुकीय तपासण्यांचं पॅकेज सुचवलं, एवढ्यावरून तरी पैसे घालवू नका.

धोका वाढतो हे खरं. सख्ख्या भावंडांना ल्युपस होण्याची शक्यता इतरांच्या साधारण वीसपट धरतात. पण मुळात हा आजार लाखात काही डझन जणांनाच असतो, त्यामुळे वीसपट करूनही बहुतेक बहिणी सुटतात. अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकीला झाला तर दुसरीला होण्याचं प्रमाण चारात एकाच्या आसपास. बाकीचा हिशेब ऊन, संसर्ग, हार्मोन, धूम्रपान आणि नशीब यांच्याकडे.

पॅकेजमध्ये असतात एचएलए-डीआर३, डीआर२, आयआरएफ५, स्टॅट४ असे प्रतिकारशक्तीशी संबंधित जनुकांचे प्रकार. एकेक प्रकार धोका फार तर दीडपट ते तिप्पट करतो आणि असंख्य निरोगी माणसांतही सापडतो. पीटीपीएन२२ या जनुकाचा युरोपीय लोकांत गाजलेला प्रकार तर भारतीयांत जवळजवळ नसतोच. तो ‘निगेटिव्ह’ आला म्हणून हुश्श करण्यात अर्थ नाही. एचएलए-बी२७ प्रामुख्याने मणक्याच्या संधिवातासाठी बघतात, ल्युपससाठी नाही.

जनुकं खरोखर बोलतात ती पूरक प्रथिनांच्या (कॉम्प्लिमेंट, म्हणजे प्रतिकारशक्तीला हातभार लावणारी रक्तातली प्रथिनं) बाबतीत. मेलेल्या पेशींचा कचरा वेळेत उचलणं हे सी१क्यू आणि सी४चं काम. तो साचला की शरीर स्वतःच्याच डीएनएविरुद्ध प्रतिपिंडं (अँटिबॉडी) बनवू लागतं. सी४च्या जनुकाच्या प्रती माणसागणिक कमी-जास्त असतात, बहुधा चार. कमी असतील तर धोका वाढतो. सी१क्यू अजिबातच नसेल तर बहुतेकांना ल्युपस होतो, तोही लहानपणीच. म्हणून ताईचा आजार पाच-सहाव्या वर्षी सुरू झाला असेल किंवा आई-वडील नात्यातले असतील (आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न नवं नाही), तर जनुकीय तपासणीचं जरूर विचारा. पण ती आधी ताईची, तुमची नंतर.

एएनए (स्वतःच्या पेशींच्या केंद्रकाविरुद्धची प्रतिपिंडं शोधणारी रक्ततपासणी) हीसुद्धा लक्षणं नसताना करू नका. १:८० पातळीला (रक्तद्रव ऐंशीपट पातळ करून) शंभरातल्या दहा-बारा निरोगी माणसांचा तो पॉझिटिव्ह येतो आणि मग घरभर रडारड. लक्षणं असतील तर मात्र इम्युनोफ्लुरोसन्स (सूक्ष्मदर्शकाखाली चमक बघण्याच्या) पद्धतीनेच करून घ्या, रिपोर्टवर टायटर (किती पातळ करूनही पॉझिटिव्ह येतो) आणि पॅटर्न (चमक कशी दिसते) दोन्ही हवेत.

लक्ष ठेवा ते असं. चैत्रात जोतिबाच्या यात्रेला, गुलालाच्या उधळणीत, दिवसभर उन्हात फिरून आल्यावर गालांवर लाली उठली की घरचे गुलालाची ॲलर्जी म्हणतात. आरशात नीट बघा: ल्युपसची लाली दोन्ही गाल आणि नाकाच्या दांड्यावर असते, पण नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी बहुधा मोकळी सोडते. ती गुलाल धुऊन दोन-चार दिवस झाले तरी राहिली, सोबत सकाळी बोटं आखडू लागली, तोंड वारंवार आलं, लघवीला न विरणारा फेस दिसला किंवा पायांवर सूज आली, तर सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आणि लघवीची रुटीन तपासणी करून संधिवाततज्ज्ञांकडे किंवा कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या मेडिसिन ओपीडीत जा. लघवीचा नमुना सकाळचा पहिला, मधल्या धारेचा द्या. पाळी चालू असताना देऊ नका, रक्त मिसळून रिपोर्ट फसतो. लघवीतलं प्रथिन-क्रिएटिनिन गुणोत्तर ०.५च्या वर गेलं, तर पुढच्या महिन्याची अपॉइंटमेंट धरून बसू नका.